पातळपणाची सबब

टॅब्लेट अधिकाधिक सडपातळ करण्याच्या सबबीखाली त्याची पोर्टे एकामागून एक नाहीशी होत आहेत, ही माझी तक्रार या स्तंभाच्या वाचकांना नवी नाही. ती आज पुन्हा मांडण्याचे कारण असे की, परिचयातील एका कंत्राटदाराने ई-निविदेसाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आपल्या सरफेस प्रो ८ला कसे जोडावे अशी विचारणा केली असता, डॉक घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असा निर्वाळा विक्रेत्याने त्याला याच आठवड्यात दिला.

हा निर्वाळा साफ चुकीचा आहे. या टॅब्लेटला चार्जिंगसाठी सरफेस कनेक्ट हे स्वतंत्र पोर्ट असल्यामुळे त्याची दोन्ही टाइप-सी पोर्टे मोकळी राहतात. त्यांपैकी एकात टाइप-सीचे रूपांतर जुन्या रुंद यूएसबीत करणारा बोटाएवढा अडॅप्टर बसवला की टोकन, पेनड्राइव्ह वा दफ्तरातील जुना प्रिंटर यांपैकी हवे ते जोडता येते, आणि की-बोर्ड व माउस ब्लूटूथचे असले तर त्यांना पोर्टाची गरजच उरत नाही.

परंतु अडॅप्टरची ही पाळी मुळात यावीच का? २०१९ सालच्या सरफेस प्रो ७ची जाडी ८.५ मिलिमीटर आणि वजन सुमारे पाऊण किलो होते, आणि तेवढ्या देहात टाइप-सीच्या जोडीला रुंद यूएसबी पोर्ट सुखाने नांदत होते. २०२१ साली आलेल्या प्रो ८ची जाडी मात्र ९.३ मिलिमीटर झाली, वजनही शंभराहून अधिक ग्रॅमने वाढले, आणि तरीही ते पोर्ट गेले. त्याच्या मोबदल्यात थंडरबोल्ट ४ची दोन पोर्टे मिळाली व त्यांची गती सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत जाते, हे मला मान्य आहे. पण दाराशी निविदेची मुदत येऊन ठेपलेल्या माणसाला ती गती काय कामाची? जाडी वाढूनही पोर्ट जाते, तेव्हा पातळपणाची सबब कोणी पुढे करू नये. जोडसामान विकण्याचा मोह या साऱ्या धंद्यालाच जडला आहे, अशी माझी दृढ धारणा आहे.

एकच पोर्ट असलेल्या टॅब्लेटची अडचण अधिक खरी आहे. २०२२ सालच्या दहाव्या पिढीच्या आयपॅडवर चार्जिंग आणि पेनड्राइव्ह एकाच वेळी हवे असतील, तर वीज आत घेणारा छोटा हब लागतो. त्याच हबमुळे अधिक वीज मागणाऱ्या हार्ड डिस्कचीही सोय होते. मात्र त्या पोर्टाची गती सेकंदाला ४८० मेगाबिटच आहे, आणि महागातला महाग डॉक जोडला तरी ती तसूभरही वाढत नाही. रुंद यूएसबीचा अडॅप्टर टॅब्लेटच्या पेटीतच मिळाला पाहिजे आणि पोर्टाची गती त्या पेटीवर ठळक अक्षरांत छापली पाहिजे. खरेदीची पावती फाडण्यापूर्वी ग्राहकांनी या दोन्ही गोष्टींचा तगादा विक्रेत्याकडे लावावा.