श्रमदान करू, पण अर्जही देऊ

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनासाठी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून बांधव येतात. तिथे पाणी वाटणारे, जेवणाच्या रांगा लावणारे, हरवलेली लेकरं आईपर्यंत पोहोचवणारे हात आपल्याच वस्त्यांतले असतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने दीक्षेचा सोहळा झाला. त्याची आठवण जपणाऱ्या समाजाला सेवा शिकवावी लागत नाही. मग दोन दिवस दिसणारे हे हात उरलेले वर्षभर विहारामागच्या मैदानात का दिसत नाहीत? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला.

आमच्या विहारामागे मोकळी जागा आहे. कागदावर तो बगीचा आहे. प्रत्यक्षात तिथे गाजरगवत, फुटक्या बाटल्या आणि गंजलेली व्यायामाची साधने होती. ज्यांना डॉक्टरांनी शुगर आणि बीपीसाठी चालायला सांगितले, त्या बाया ट्रकच्या धुरात रस्त्याच्या कडेने चालत होत्या. म्हणून आम्ही दर रविवारी वंदनेनंतर तासभर श्रमदान सुरू केले. पावसाळ्याआधी मैदान मोकळे झाले. पोरं खेळू लागली, म्हातारी माणसे संध्याकाळी बसू लागली.

तीन महिन्यांनी मात्र कचऱ्याची गाडी येणे कमी झाले. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, “तुमच्याकडे तर तुम्हीच साफ करता ना!”

हे वाक्य आपल्या कानांना नवे नाही. पिढ्यान् पिढ्या गावाची घाण आपल्याच माथी होती. त्या रविवारी विहारात वाद झाला. तरुण म्हणाले, “बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली आणि तुम्ही पुन्हा झाडू हाती देता?” त्यांचा राग खरा होता. पण श्रमदान बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही, असे आमचे मत आहे. गावकी जन्माने लादलेली होती, दुसऱ्यांसाठी होती. श्रमदान आपल्या मर्जीचे, आपल्या लेकरांसाठी असते. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतः धुतले, पुसले आणि खाटेवर निजवले. सेवेने माणूस लहान होत नाही. पण सेवेच्या आडून कुणी आपला हक्क काढून घेत असेल, तर तिथे गप्प बसणे ही चूक आहे.

महाडचा धडा हाच आहे. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय खरा होत नाही. कागदावरचा बगीचाही तसाच. तो रोज वापरला तर आपला, नाहीतर कचऱ्याचा.

चंद्रपुरातच एक चांगले उदाहरण आहे. बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याच्या परकोटावरची झुडपे आणि कचरा महिनोन् महिने श्रमदानाने काढला. २०२१ मध्ये रामाळा तलावाच्या प्रदूषणावर उपाय व्हावा म्हणून धोतरे यांनी अन्नत्याग सत्याग्रहही केला. म्हणजे हात कामाला लावले आणि शासनाकडे मागणीही केली. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

म्हणून आमच्या वस्तीत आम्ही काही नियम ठरवले. तुमच्याही कामी येतील.

पहिला, दर महिन्याला एक अर्ज. रस्ते, नाल्या आणि सार्वजनिक जागा साफ ठेवणे हे नगर परिषद आणि महानगरपालिकेचे बंधनकारक काम आहे. फोटो जोडायचे आणि आवक क्रमांक घेऊन प्रत विहारात लावायची. झाडे लावणे, पाणी घालणे, मैदान जपणे आमचे. कचरा उचलणे, नाली उपसणे, दिवे लावणे त्यांचे.

दुसरा, गटारात कुणीही उतरायचे नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

तिसरा, पाळी सगळ्यांची. नोकरदारांनीही यायचे, पुरुषांनी चहाच्या वेळीच उगवायचे नाही.

चौथा नियम आरोग्याचा. आपल्या समाजात सिकलसेल बरेच आहे. सिकलसेलच्या रुग्णाला फार श्रम, ऊन, थंडी आणि पाण्याची कमतरता यांमुळे असह्य दुखणे उठू शकते. त्यांना हलके काम द्या, पाणी पाजत राहा. ज्यांची तपासणी झाली नसेल त्यांनी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. उन्हाळ्यात काम सकाळी आठच्या आत संपवावे.

मैदान मोकळे ठेवण्याचे फायदे दवाखान्याच्या बिलात दिसतात. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालले तर शुगर, बीपी आटोक्यात ठेवायला मदत होते. टायर, करवंट्या, कुलरच्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या केल्या तर डेंग्यूच्या डासांची पैदास थांबते. जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांत तर हा जिवाचा प्रश्न आहे. कचऱ्यावर कुत्री आणि डुकरे येतात, त्यांच्या मागे बिबट येतो. झुडपात साप दडतो. गडचिरोलीत याला हिवतापाचीही जोड आहे.

आमच्या मैदानात अजून दिवा लागलेला नाही. त्यासाठीचा चौथा अर्ज या आठवड्यात दिला. गाडी मात्र पुन्हा नियमित येऊ लागली, कारण आवक क्रमांक लिहिलेल्या तीन प्रती विहाराच्या फळ्यावर सगळ्यांना दिसतात. येत्या रविवारी वंदनेनंतर तुमच्या विहारामागची जागा एकदा पाहून या. झाडू न्या आणि वही-पेनही न्या.

जय भीम! नमो बुद्धाय!