अक्षरवळण आणि संहिता : जेन्सनच्या टंकाच्या निमित्ताने

पाठचिकित्सेत पोथीची लिपी, वळण, शाई, कागद यांची नोंद आवर्जून केली जाते. मुद्रित आवृत्ती हाती आली की मात्र ही दक्षता मावळते. छापील अक्षर म्हणजे केवळ मजकूर दाखविणारी काच, ही समजूत त्यामागे असते. ती किती अपुरी आहे, हे निकोला जेन्सनच्या रोमन टंकावरून ध्यानात यावे.

मूळच्या फ्रेंच असलेल्या जेन्सनने १४७० मध्ये व्हेनिस येथे युसेबियसचा ग्रंथ या टंकात छापला. त्याचे वळण इटलीतील मानवतावादी पंडितांच्या हस्ताक्षरावर बेतलेले होते. पोज्जो ब्राच्चोलिनीप्रभृती पंडितांनी अभिजात लॅटिन ग्रंथांच्या पोथ्या शोधताना त्यांतील गोलसर, सुटे अक्षर प्राचीन म्हणून उचलले. वस्तुतः ते मध्ययुगातील कॅरोलिंगियन परंपरेच्या लेखनिकांचे होते! संहितेच्या ध्यासातून, आणि कालनिर्णयाच्या गफलतीतून, हे अक्षर घडले.

रुंद टोकाच्या लेखणीचा हात या टंकात लपत नाही. गोल अक्षरांचा अक्ष डावीकडे कललेला, लहान 'ई'ची आडवी रेघ तिरपी, जाड-बारीक रेषांतील अंतर सौम्य. रेषांच्या टोकांशी असलेली पावले, म्हणजे सेरिफ, रेषेतूनच उमलल्यासारखी. परिणामी पानाला एकसारखी करडी छटा येते व दीर्घ गद्य न थकता वाचता येते. मथळे, कोष्टके यांना तो तितकासा मानवत नाही. विल्यम मॉरिसने १८९० मध्ये याच आदर्शावर 'गोल्डन' टंक घडविला, पण तो इतका काळाभोर केला की ग्रंथ वाचण्याऐवजी पाहण्याची वस्तू झाला. ब्रूस रॉजर्सचा 'सेंटॉर' (१९१४) हलक्या हाताचा आहे आणि मूळ प्रकृतीशी अधिक प्रामाणिक आहे.

मराठी अभ्यासकाला रोमन टंक परका नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन अक्षरांतच छापले गेले. देशी लिपीत ग्रंथ छापावेत ही स्टीफन्सची इच्छा होती. परंतु १६०८ च्या पत्रात त्याने अडचण सांगितली ती सुमारे सहाशे साच्यांची, जेथे युरोपात चोवीस पुरत. मराठी ओवी कोणत्या वेषात वाचकापुढे यावी, हे येथे साच्यांच्या संख्येने ठरविले. १९०७ ची मंगळूर आवृत्तीही रोमनमध्येच निघाली. अशा ग्रंथाचा पाठ चर्चेस घेताना मुद्राक्षराला परिशिष्टात ढकलणे कितपत समर्थनीय ठरेल?

तेव्हा एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांवरील प्रबंधांत शिळाप्रेस की खिळे, कोणत्या छापखान्याचे, कोणत्या वळणाचे, एवढी नोंद तरी अनिवार्य व्हावी. मात्र त्यासाठी युरोपीय परिभाषा उसनी घेऊन भागणार नाही. देवनागरीतील जाड-बारीकपणाही बोरूचाच. पण त्याचा कल लॅटिन लेखणीच्या उलट दिशेचा आहे, आणि शिरोरेषेला लटकणाऱ्या अक्षराला 'सेरिफ' शोधीत बसणे व्यर्थ आहे. काना, गाठ, वाटी, शिरोरेषा ही पंतोजींच्या कित्त्यातील शब्दसंपदा निर्णयसागरच्या खिळ्यांचे वर्णन करण्यास अधिक उपयोगी पडेल.