अर्ज कोणाचा? मुलाचा की आईवडिलांचा?



दरवर्षी गणपती उठले की आपल्या शाळेच्या कार्यालयात बोनाफाईड आणि जन्मतारखेच्या दाखल्यासाठी पालकांची ये-जा वाढते. कोणाला सैनिक स्कूलचा अर्ज भरायचा असतो, कोणाला नवोदयचा, कोणाला डेहराडूनचा. मुलाला चांगल्या निवासी शाळेत पाठवण्याची इच्छा वाईट मुळीच नाही. गुणी विद्यार्थी शाळा सोडून जाणार म्हणून मन थोडे खट्टू होते, तरी त्याच्या वाटेत आडवे येणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मात्र गेल्या काही वर्षांत या अर्जांच्या निमित्ताने जे पाहण्यात येते, त्यावर स्पष्ट बोलायला हवे असे वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे : भक्कम अर्ज म्हणजे खरा अर्ज, आणि तो मुलाचा स्वतःचा असला पाहिजे.

आधी थोडा इतिहास पाहू. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील सिंधिया स्कूल १८९७ साली सुरू झाले ते सरदारांच्या मुलांसाठी. आपल्या बेगमपेठेतील हैदराबाद पब्लिक स्कूल १९२३ साली निघाले ते जहागीरदारांच्या मुलांसाठी. त्याचे तेव्हाचे नावच जागीरदार कॉलेज होते. त्या काळी चांगल्या निवासी शाळेचा दरवाजा घराणे पाहून उघडत असे. पुढे जहागिऱ्या गेल्या, शाळेचे नाव बदलले आणि दरवाजाही सर्वांसाठी उघडला.

गरीब आणि खेड्यातील हुशार मुलासाठी मात्र वेगळी सोय करावी लागली. १९७१ साली, पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री असताना, तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे सरकारी निवासी शाळा सुरू झाली. आज तेलंगणात ज्यांना आपण गुरुकुल म्हणतो त्यांची ती सुरुवात. पुढे ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री असताना नवोदय विद्यालयांची योजना आली. १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालये उघडली, एक हरियाणात झज्जर येथे आणि दुसरे महाराष्ट्रात अमरावतीला. नरसिंह रावांना मराठी उत्तम येत असे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती, ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ज्या परीक्षेची आज आपण धास्ती घेतो, ती परीक्षा घराण्याच्या जागी आली आहे. ज्याच्यामागे कोणी नाही त्यालाही दार उघडावे म्हणून ती आहे. हे ध्यानात ठेवले तर अर्ज भरताना काय करावे आणि काय करू नये हे आपोआप कळते.

आता कामाच्या गोष्टी.

अर्जातील कागदपत्रे हे पालकांचे काम आहे. ते वेळेवर आणि चोख करावे. जन्मदाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधले नाव एकच असावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याची आणि आडनाव शेवटी लिहिण्याची पद्धत आहे, तर येथील पद्धतीने आडनाव आधी येते. त्यामुळे एकाच मुलाची तीन कागदांवर तीन नावे होतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून चौथीतच हे तपासून घ्या. जात, उत्पन्न आणि रहिवास यांचे दाखले मीसेवा केंद्रातून मिळतात. शेवटच्या आठवड्यात तेथे रांग लावू नका.

सैनिक स्कूलबाबत आपल्या समाजात एक गैरसमज आहे. साताऱ्याचे सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झाले आणि ते ‘आपले’ आहे असे आपल्याला वाटते. मनाने ते आपले असेलही. पण नियमाप्रमाणे या शाळांतील ६७ टक्के जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी असतात आणि ३३ टक्के बाहेरच्यांसाठी. ज्यांच्या तीन पिढ्या काचीगुडा, गौलीगुडा, जांबागमध्ये गेल्या आणि ज्यांचा रहिवासी दाखला तेलंगणाचा आहे, त्यांचे मूल साताऱ्याला परराज्याचेच धरले जाते. तेथे अर्ज जरूर करा, पण हिशेब समजून करा.

सहावीच्या प्रवेशासाठी या परीक्षेत १२५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. त्यांपैकी निम्मे, म्हणजे १५०, गुण एकट्या गणिताचे. उरलेले गुण बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांना प्रत्येकी ५० असे वाटलेले आहेत. सहावीची ही परीक्षा तेरा भाषांतून देता येते आणि त्यांत मराठी आहे, तेलुगू आणि हिंदीही आहे. नववीच्या प्रवेशाची परीक्षा मात्र इंग्रजीतूनच होते. २०२१-२२ पासून सर्व सैनिक स्कूलमध्ये मुलींनाही प्रवेश आहे. मुलींच्या पालकांनी याची नोंद घ्यावी, कारण आजही चौकशीला येणारे बहुतेक पालक मुलांचेच असतात. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजमध्येही आता मुली जातात. तेथे प्रवेश आठवीत असतो आणि आपल्या राज्यात तो अर्ज राज्य लोकसेवा आयोगाकडे करावा लागतो.

नवोदयची सहावीची परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची. ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा भरतात. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकते त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी त्याला बसता येते, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्या जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात.

येथेच मला सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक देगलूर, बिलोली, मुधोळ, भैंसा या भागांत आहेत. मूल शिकते येथे, पण काकांच्या गावच्या शाळेत त्याचे नाव घालून ठेवायचे, म्हणजे ग्रामीण जागा मिळेल, असा सल्ला देणारे लोक भेटतात. ‘मॅडम, फक्त एक सही करा, मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे,’ असे म्हणणारेही भेटतात. मी अशी सही करत नाही आणि करणारही नाही. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे हे अगदी खरे. पण तो दोन मुलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. त्या गावात कोणीतरी एक मूल खरोखर तीन वर्षे पत्र्याच्या वर्गात बसून शिकलेले असते. खोट्या दाखल्याने जी जागा जाते ती त्याची. पूर्वी जहागीरदाराचे मूल जन्माने पुढे जात असे. आपले मूल कागदाने पुढे गेले तर फरक काय राहिला? शिवाय कागद पडताळणीत अडकला तर प्रवेश जातो, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कळते की आपल्या आईवडिलांचा आपल्यावर भरवसा नव्हता. हे नुकसान प्रवेश न मिळण्यापेक्षा मोठे आहे.

आता खासगी निवासी शाळांबद्दल. ऋषी व्हॅली, डून, सिंधिया यांसारख्या शाळांत परीक्षेइतकेच मुलाशी होणारे बोलणे महत्त्वाचे ठरते. अशा ठिकाणी काही वेळा मुलाने स्वतःविषयी लिहायचे असते आणि मुख्याध्यापकांचे पत्रही लागते. मुलाचे लेखन म्हणून जे कागद माझ्यासमोर येतात, त्यांतील काही वाचून मला वाटते की हा मुलगा चाळीस वर्षांचा असून बँकेत नोकरीला आहे! ‘मला देशसेवा करून नेतृत्वगुण विकसित करायचे आहेत’ असे अकरा वर्षांचे मूल बोलत नाही. निवड करणाऱ्यांनी अशी वाक्ये हजारो वेळा वाचलेली असतात. त्यापेक्षा ‘आमच्या गच्चीवर पारव्याने घरटे केले, मी रोज वहीत लिहून ठेवले की अंडी किती दिवसांनी फुटली’ हे एक वाक्य मुलाविषयी जास्त सांगते. शुद्धलेखन तपासा, पण विचार त्याचाच राहू द्या.

प्रमाणपत्रांच्या जाडजूड फायलीचेही तेच. एका वर्षात अबॅकस, कराटे, गिटार आणि चित्रकला केलेल्या मुलापेक्षा चार वर्षे एकच खेळ किंवा एकच छंद धरून बसलेले मूल वेगळे उठून दिसते. आणि माझ्या पत्राविषयी विनंती : मुलाची स्तुती लिहा असे सांगू नका. मूल वर्गात कसे वागते, चुकल्यावर काय करते, दुसऱ्याला कशी मदत करते, हे मी वर्गशिक्षकांना विचारून लिहीन. सर्वच विद्यार्थ्यांना ‘असामान्य’ म्हटले तर पुढच्या वर्षीपासून आपल्या शाळेच्या पत्राला कोणी किंमत देणार नाही.

भाषेबद्दल दोन शब्द. पालकांना वाटते की मराठी शाळेतले मूल भाषेमुळे मागे पडते. माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू. इंग्रजीची भीती काय असते ते मला पुस्तकात वाचावे लागलेले नाही. म्हणूनच सांगते, नवोदयच्या भाषा विभागात उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात. तेथे पाठांतर चालत नाही, वाचलेले समजावे लागते. आणि समजून वाचण्याची सवय मूल आधी घरच्या भाषेत लावते. रोज पंधरा मिनिटे मुलाकडून मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्या आणि ‘यात काय सांगितले?’ एवढेच विचारा. इंग्रजीचा सराव हवाच, तो आम्ही शाळेत करून घेऊ. राज्याच्या गुरुकुलांच्या पाचवीच्या परीक्षेत तेलुगूचे प्रश्न असतात, हेही विसरू नये. चार भाषा कानावर घेऊन वाढणारे आपले हैदराबादी मराठी मूल कोणत्याही वसतिगृहात बुजणार नाही. नवोदयमध्ये तर नववीतली काही मुले एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रांतात शिकायला पाठवतात. आपली मुले तो धडा घरातच शिकून जातात.

मुलांनो, आता तुमच्याशी. वसतिगृहात सकाळी कोणी चार वेळा हाक मारून उठवत नाही. आपले अंथरूण आपण घालावे, मोजे आपण धुवावेत, ताटात वाढलेली दोडक्याची भाजी खावी. ही तयारी आजपासून सुरू करा, तिला क्लासची फी पडत नाही. आणि मनात जायचे नसेल तर आईबाबांना तसे सांगा. तसे सांगणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. पालकांनीही अर्ज भरण्याआधी मुलाला शांतपणे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. ‘तुला जायचंय ना?’ हा प्रश्न नसतो, ती आज्ञा असते. ‘तुला काय वाटतं?’ असे विचारून पाहा.

ज्यांना प्रवेश मिळणार नाही त्यांची संख्या नेहमीच मोठी राहणार. जागाच तेवढ्या आहेत. निकालानंतर घरात सुतकी वातावरण करू नका, शेजारच्या मुलाचे नाव काढू नका. वर्षभर मुलाने जे गणित केले, जे वाचन केले, ते कुठेही वाया गेलेले नाही. ते आपल्याच सहावीच्या वर्गात उपयोगी पडेल, आणि तो वर्ग काही दुय्यम नाही.

विश्वस्त मंडळाला या निमित्ताने तीन गोष्टी सुचवते. जून महिन्यात चौथी-पाचवीच्या पालकांची एक सभा घेऊन सर्व अर्जांच्या चालू वर्षाच्या नियमांची माहिती द्यावी. मागील प्रश्नपत्रिकांचे संच ग्रंथालयात ठेवावेत, म्हणजे ज्यांना महागडे क्लास परवडत नाहीत त्यांची अडचण होणार नाही. आणि शनिवारी दोन तास गणित व बुद्धिमत्तेचा सराव शाळेतच सर्वांसाठी खुला ठेवावा. जाणाऱ्या मुलांना त्याचा फायदा होईल आणि राहणाऱ्यांनाही.

अर्जावर सही पालकांची असते, शिक्का माझा असतो, पण खाली नाव मुलाचे असते. त्या नावाला शोभेल असाच कागद आपण पुढे पाठवू. यंदा परीक्षेला बसणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा आणि आशीर्वाद.

— मुख्याध्यापिका