यान उतरवायला पैसे नव्हते

मराठीत विज्ञान मालिका का होत नाही, असे विचारले की ‘बजेट नाही’ हे उत्तर तयार असते. ते पटत नाही. 1966च्या ‘स्टार ट्रेक’लाही दर भागात यान ग्रहावर उतरवणे परवडत नव्हते, म्हणून माणसाला क्षणात खाली पोचवणारे यंत्र कल्पिले गेले आणि तेच मालिकेची ओळख ठरले. आपल्याकडे केतन मेहतांनी 1998मध्ये मिलिंद सोमणला घेऊन दूरदर्शनसाठी ‘कॅप्टन व्योम’ केलीच की! आजच्या प्रेक्षकाला झगमगाट लागतो, हा आक्षेप खरा. पण झगमगाट दोन भागांत शिळा होतो, टिकते ती गोष्ट. आणि गोष्टींचा तुटवडा नाही, जयंत नारळीकरांनी त्या मराठीतच लिहून ठेवल्या आहेत. राहिला सेटचा प्रश्न, तर यानाचे इंजिनघर म्हणून ढोकीच्या तेरणा साखर कारखान्यातले बॉयलर काय वाईट? निर्मात्यांनी आधी लेखकाला चांगले मानधन द्यावे, सेटचे नंतर बघावे.