सिस्टरची ड्युटी कुणाच्या मर्जीवर?

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी सिस्टर म्हणून नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं युनियनची प्रतिनिधी होते. निवृत्तीनंतर नवी मुंबईतल्या उलव्यात राहायला आले. आमच्या इमारतीत नर्स आहेत, एक्स-रे टेक्निशियन आहेत, लॅबमध्ये काम करणारी मुलं आहेत. कुणी नेरुळ-वाशीला जातं, कुणी पनवेलला, कुणी थेट परळला. आमच्या खारकोपर स्टेशनपर्यंत लोकल 2018 मध्ये आली, उरणपर्यंत जानेवारी 2024 मध्ये. पण हार्बरसारखी एकामागून एक गाडी इथे नाही. इव्हिनिंग संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देण्यात अर्धा तास गेला आणि गाडी चुकली, की रात्री फलाटावर ताटकळणं आलं. म्हणून इथल्या मुलींना ड्युटीची वेळ अर्ध्या तासाने बदलून मिळाली तरी घरचं सगळं गणित सुटतं.

ही वेळ बदलून मागायची कुणाकडे? आमच्या मजल्यावरची एक मुलगी खासगी रुग्णालयात आहे. ड्युटी बारा तासांची. उद्याची ड्युटी लिस्ट आज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येते. मुलाच्या परीक्षेसाठी तिने आठवडाभर मॉर्निंग मागितली, तर उत्तर आलं, "जमत नसेल तर सोड, दुसऱ्या पुष्कळ आहेत." तिथे युनियन नाही. तिच्या बाजूने दुसरं कुणी बोललंच नाही.

आमच्या रुग्णालयात एका सिस्टरच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे. तिला त्या दिवशी सकाळी मोकळं राहायचं होतं. इन-चार्ज सिस्टर भल्या होत्या, त्यांनी ते करूनही दिलं, आणि पंधरा दिवसांत वॉर्डात कुजबुज सुरू झाली: तिचं बरं जमतं, आमचं का नाही? ही कुजबुज चुकीची नव्हती. सोय तोंडी दिली की तिचा वशिला होतो. तेव्हा मी मेट्रनकडे रदबदली करायला गेले नाही. आजूबाजूच्या वॉर्डांच्या ड्युटी लिस्ट घेऊन बसले, एकेकीला विचारत गेले. एकीला नाईटच हव्या होत्या, कारण रात्री नवरा घरी असे आणि दिवसा मुलाकडे ती बघू शके. दुसरी पोस्ट बेसिक बी.एस्सी. करत होती, तिला मॉर्निंग आणि इव्हिनिंगची अदलाबदल हवी होती. तिघींचं एकमेकींत बसलं. मग अर्ज लेखी, मुदत तीन महिन्यांची, जास्त नाईट घेणारीला लागून ऑफ, आणि मेट्रनची सही. कुजबुज थांबली. प्रतिनिधीचं खरं काम हे आहे. ते मोर्चात कमी दिसतं, ड्युटी लिस्टसमोर जास्त.

आठ तासच हवेत, असा हट्टही मी धरणार नाही. उलव्यातून परळला जाणाऱ्या काहीजणींना बारा तासांच्या मोजक्या ड्युट्या आणि जास्त ऑफ खरंच हवे असतात, प्रवास वाचतो. पण ते त्यांनी मागितलेलं असावं आणि आठवड्याची बेरीज पाळलेली असावी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रुग्णालयं येतात. त्यात दिवसाची मर्यादा नऊ तासांची होती, ती दहा करायला मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास मात्र तसेच आहेत. आठवड्याला सहा दिवस बारा तास म्हणजे 72 तास होतात. ही बेरीज मांडून मॅनेजमेंटसमोर ठेवायला एकटी नर्स धजत नाही.

व्यवस्थापनाची एक अडचण मला मान्य आहे. माणसंच कमी असतील तर एकीची सोय दुसरीच्या डबल ड्युटीतून निघते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत 30 टक्के रजा-राखीव जागा धरलेल्या आहेत. तेवढ्या सिस्टर प्रत्यक्ष भरल्या तरच वेळा बदलून देता येतात. 2022 च्या मे महिन्यात आणि 2025 च्या जुलैत राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या. बाहेरून तो नोकरीचा लढा दिसला, माझ्या लेखी तो ड्युटीचाही होता. करार पुढे चालू राहील की नाही या धास्तीत असलेली सिस्टर नाईट बदलून मागणार कशी?

इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या कर्मचाऱ्यांना 2021 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सोयीच्या वेळा मागता येतात. एप्रिल 2024 पासून तो हक्क तिथल्या सर्वच नोकरदारांना मिळाला, आणि मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. अर्ज लिहिण्यापासून बैठकीत शेजारी बसण्यापर्यंत युनियनचा माणूस सोबत करतो. आपल्याकडे उलटा प्रवास चालला आहे. 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांना 'उद्योग' मानलं, त्यामुळे पाळ्या बदलण्याआधी कामगारांना नोटीस देणं भाग पडे. 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय संस्थांच्या आस्थापना उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या. मुंबई-नवी मुंबईतली कितीतरी मोठी रुग्णालयं ट्रस्टची आहेत. "आम्ही उद्योग नाहीच" म्हणायची वाट त्यांना मोकळी झाली, ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे आमच्या भागात रुग्णालयं वाढणारच. सिडको रुग्णालयांसाठी भूखंड देते, तेव्हा करारातच अटी घालाव्यात. ड्युटी लिस्ट पंधरा दिवस आधी लागावी, वेळ बदलण्याच्या अर्जाला कारणासह लेखी उत्तर मिळावं, आणि लिस्ट ठरवणाऱ्या समितीत कर्मचाऱ्यांनी निवडलेला प्रतिनिधी असावा. रात्री सुटणाऱ्यांना घरापर्यंत गाडी द्यावी. आणि युनियनच्या मंडळींना माझं सांगणं आहे, खासगी रुग्णालयांतल्या या मुली तुमच्याकडे येतील म्हणून वाट बघू नका. रात्रीच्या गाडीने खारकोपरला उतरा, त्या तिथेच भेटतील.