कठाणीचं वीर्य बँकेत, हक्क कुणाचा?

पवनी तालुक्यातलं अड्याळ म्हणजे धानाचा मुलूख. धानाच्या चिखलात राबणारी पूर्व विदर्भाची कठाणी गुरं आता कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहेत.

२०२२ मध्ये राज्याने १७२.३९ कोटींच्या ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात देशी गुरंही आहेत. स्वागतच!

पण धानाचं वाण जपणाऱ्याला २००१च्या कायद्याने हक्क दिले, गुरांचा वंश जपणाऱ्यासाठी तसा कायदाच नाही. जातीची नोंदणी झाली म्हणून पाळणाऱ्याला हक्क मिळत नाही. उरतो २००२चा जैवविविधता कायदा आणि त्याखालची गावसमितीची लोकजैवविविधता नोंदवही. तीत कठाणी पाळणारे गोपालक यायला हवेत. या कोशासाठी गोठवलेल्या वीर्यमात्रा साठवण्याआधीच त्यांची लेखी संमती घ्यावी, लाभातला वाटाही तेव्हाच ठरवावा.