मध्यस्थाने काही मागू नये

भिलाईतल्या मराठी कुटुंबांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक १९५५ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातून माणसे कामाला येत गेली. मात्र या मातीशी मराठी माणसाचे नाते जुळवणारी घटना त्याच्या बरोबर दोनशे वर्षे आधीची आहे. १७५५ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घरात गादीवरून भांडण उभे राहिले, पुण्याच्या पेशव्यांनी त्यात मध्यस्थी केली आणि पुढच्या वाटणीत छत्तीसगड एका भावाच्या पदरात पडले.

पहिले रघूजी भोसले त्या वर्षी फेब्रुवारीत वारले. त्यांच्या मुलांपैकी जानोजी वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे पुत्र. मुधोजी वयाने धाकटे, पण थोरल्या राणीचे. दोघांच्याही बाजूने बोलायला रिवाज होता आणि माणसेही होती. नानासाहेब पेशव्यांनी तोड काढली. जानोजींना सेनासाहेबसुभा हे पद, मुधोजींना सेनाधुरंधर ही पदवी आणि चांद्याचा मुलूख, साबाजींना दारव्हा, बिंबाजींना छत्तीसगड. बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथूनच त्यांनी कारभार केला. रतनपूरच्या रामटेकडीवरचे देऊळ त्यांनी बांधले. दसऱ्याला सोने वाटण्याची प्रथा छत्तीसगडात त्यांच्यामुळेच रुजली, असे इथे मानतात. शिवनाथच्या दक्षिणेला रायपूरकडचे जे अठरा गढ मोजले जात, त्यांत दुर्ग होता आणि पाटणही होते. आज आपली घरे ज्या जमिनीवर उभी आहेत, ती अशा रीतीने भोसल्यांच्या कारभारात आली.

हे सारे आठवायचे कारण पश्चिम आफ्रिकेतल्या घाना या देशात आहे. तिथल्या उत्तर भागात दागबोन नावाचे जुने राज्य आहे. त्याच्या गादीचा तंटा कित्येक दशके चालला, त्यात राजाचा खून झाला, न्यायालये आणि सरकारे थकली, आणि शेवटी शेजारच्या तीन राजांनी तो मिटवला. त्या हकिकतीविषयी मी जसजशी वाचत गेले, तसतशी आपल्या भागातली जुनी भांडणे तिच्याशेजारी ठेवून पाहू लागले. आपल्याकडेही शेजारच्या सत्तांनी मध्यस्थी केली होती. तिथे समेट टिकला आणि आपल्याकडे टिकला नाही, असे का झाले असेल?

सुरुवात देवगडच्या गोंड राज्यापासून करू. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंदच्या गोंड घराण्यातला चांद सुलतान १७३९ च्या सुमारास वारला. त्याच घराण्यातल्या वली शहाने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवरने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजी आले, वली शहाचा शेवट झाला, बुऱ्हाण शहा आणि अकबर शहा यांना राज्य परत मिळाले आणि रघूजी भरघोस मोबदला घेऊन परतले. काही वर्षांनी हेच दोघे भाऊ आपापसांत भांडले. बुऱ्हाण शहाच्या बोलावण्यावरून रघूजी पुन्हा आले. अकबर शहाला देश सोडावा लागला. या वेळी मात्र रघूजी परत गेले नाहीत. बुऱ्हाण शहाकडे राजा ही पदवी आणि नेमणूक राहिली, कारभार भोसल्यांचा झाला. आईने मुलांसाठी मागितलेल्या मदतीचा शेवट मुलांचे राज्य जाण्यात झाला.

मराठी वाचकाला हे वाचताना अवघडल्यासारखे होईल. रघूजींच्या पराक्रमाचा आपल्याला अभिमान आहे आणि त्याला आधारही आहे. पण गोंड घराच्या उंबऱ्यात उभे राहून पाहिले, तर ही गोष्ट वेगळी दिसते. छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी माणसाने तरी ती तिथून पाहायलाच हवी, कारण आपले शेजारी त्या उंबऱ्याच्या आतले आहेत.

भोसल्यांच्या स्वतःच्या घरातही हेच घडले. पुण्याने समेट केला, पण पदाच्या बदल्यात नजराणा ठरवला. १७७२ मध्ये जानोजी वारले तेव्हा त्यांना पोटचा मुलगा नव्हता. मुधोजींचा मुलगा रघूजी दत्तक घ्यायचे ठरलेले होते, तरी मुधोजी आणि साबाजी यांच्यात युद्ध पेटले. पुण्याचे घर तोवर स्वतःच फुटले होते. नारायणराव पेशव्यांचा कल साबाजींकडे, तर राघोबादादांचा मुधोजींकडे. ज्यांनी समजूत घालायची, ते आपापल्या सोयीचा भाऊ धरून बसले. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. वीस वर्षांपूर्वी मध्यस्थीने टळलेले रक्त अखेर सांडलेच.

तिसरी गोष्ट बस्तरची. राजा दलपतदेव यांच्यानंतर अजमेरसिंह आणि दर्यावदेव हे भाऊ समोरासमोर आले. अजमेरसिंहांच्या मागे डोंगर परगण्यातले हलबा आदिवासी होते. दर्यावदेवांनी आज ओडिशात असलेल्या जैपूर संस्थानाकडे आणि नागपूरकरांकडे धाव घेतली. दोघांनीही मदत केली आणि दोघांनीही किंमत वसूल केली. १७७८ च्या कोटपाडच्या करारात कोटपाडचा परगणा जैपूरकडे गेला आणि बस्तर नागपूरकरांना दरसाल टाकोळी देणारे मांडलिक झाले. हलब्यांच्या वाट्याला कत्तल आली. आणि कोटपाड? तो परगणा कोणाचा यावरून बस्तर आणि जैपूर पुढची ऐंशी वर्षे झगडत राहिले. ब्रिटिशांनी १८६० च्या दशकात निर्णय दिला, तेव्हा कुठे तो वाद शमला. एक भांडण मिटवण्याची किंमत म्हणून जे दिले, त्याचेच दुसरे भांडण झाले.

तिन्ही ठिकाणी मध्यस्थ बलवान होते, प्रतिष्ठित होते, आणि बोलावल्यावर आले होते. उणीव एकच होती. त्या भांडणातून त्यांना स्वतःला काहीतरी हवे होते.

आता दागबोनकडे वळू. तिथल्या राजाला ‘या-ना’ म्हणतात आणि त्याची राजधानी येंडी. सिंहासनाच्या जागी प्राण्यांची कातडी असतात, त्यामुळे तिथे राजा कातड्यावर बसतो. अबुडू आणि अंदानी या एकाच कुळाच्या दोन शाखांनी गादीवर आळीपाळीने बसायचे, असा रिवाज होता. विसाव्या शतकाच्या मध्यात ही पाळी बिघडली आणि मग सरकारे त्यात उतरली. १९७४ मध्ये अबुडू शाखेच्या महमदू अब्दुलाई यांना पायउतार करून अंदानी शाखेचे याकुबू अंदानी दुसरे यांना बसवण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कागदावर विषय संपला. पण १९८८ मध्ये महमदू वारले, तेव्हा राजवाड्यात राजाला साजेसे अंत्यविधी त्यांना मिळाले नाहीत, आणि ते शल्य अबुडू घराण्यात राहिले. मार्च २००२ मध्ये येंडीत तीन दिवस चकमक झाली. २७ मार्चला या-ना याकुबू आणि त्यांच्याबरोबरची अनेक माणसे मारली गेली. चौकशी आयोग नेमला गेला, खटले चालले, आरोपी निर्दोष सुटले. गादी रिकामीच राहिली.

२००३ मध्ये सरकारने तीन राजांची समिती नेमली. असांतेचे राजे ओतुम्फुओ ओसेई टुटू दुसरे तिचे प्रमुख, आणि त्यांच्यासोबत मांप्रुगू आणि गोंजा या राज्यांचे राजे. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. मांप्रुगूचे घराणे परंपरेने दागबोनचे थोरले भाऊबंद, गोंजा शेजारी, आणि असांते पूर्ण बाहेरचे. असांतेंचा दागबोनशी जुना संबंध कटू होता. अठराव्या शतकात त्यांनी दागबोनवर चढाई करून माणसांच्या रूपात खंडणी घेतली होती. एकेकाळी खंडणी घेणाऱ्या त्याच घराण्याचा आजचा राजा तिथे काहीही न मागता बसला.

बैठका कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात होत राहिल्या आणि या कामाला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. मधल्या काळात एक तोडगा फिसकटला, तरी समिती उठून गेली नाही. गाठ नेमकी कुठे आहे हेही तिने ओळखले. दागबोनच्या रिवाजाप्रमाणे आधीच्या राजाचे उत्तरकार्य पुरे झाल्याशिवाय नवा राजा बसत नाही. आपल्याकडेही घरातला कर्ता माणूस गेल्यावर तेरावा होईपर्यंत कोणी वाटणीचा विषय काढत नाही. समितीने आधी मृतांचा मान पुरा केला. डिसेंबर २०१८ मध्ये अबुडू घराण्याच्या महमदूंचे उत्तरकार्य येंडीत झाले, जानेवारी २०१९ मध्ये याकुबूंचे. त्यानंतर राजा निवडणाऱ्या मानकऱ्यांनी रिवाजानुसार नवा या-ना निवडला आणि त्याच महिन्यात तो गादीवर बसला. दोन्ही शाखांच्या वारसांना सावेलुगू आणि मियॉन ही मानाची ठाणी मिळाली. तिन्ही मध्यस्थ राजांनी दागबोनची वीतभर जमीन घेतली नाही.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घानातच बावकू नावाचे गाव आहे. तिथे कुसासी आणि मांप्रुसी या समाजांत मुखियाच्या पदावरून असाच जुना तंटा आहे आणि २०२१ पासून तो पुन्हा पेटला. दागबोनमध्ये मध्यस्थ असलेले मांप्रुगूचे राजघराणे बावकूत स्वतःच पक्षकार आहे. त्यामुळे तिथे त्याचा शब्द तसा चालू शकत नाही. घराणे तेच आणि मानही तोच, पण हितसंबंध आला की मध्यस्थी संपते.

पारंपरिक अधिकाराचे गोडवे गाऊन मला थांबायचे नाही. महाराष्ट्रात जातपंचायतींनी माणसे वाळीत टाकली, दंड घेतले, मुलींची आयुष्ये मोडली. त्यामुळेच २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. शिक्षा देणारा पंच आणि समजूत घालणारा मध्यस्थ यांत फरक आहे. मध्यस्थाच्या हाती दंडुका नसावा. गुन्हा झाला असेल तर पोलीस आणि न्यायालय हीच वाट आहे.

पण प्रत्येक भांडण गुन्हा नसते. देशाच्या २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे वेगळे प्रकरण आहे. वस्तीची शांतता बिघडवू शकणारा वाद दोन्ही पक्षांच्या संमतीने तीन मध्यस्थांसमोर ठेवता यावा, अशी त्यात कल्पना आहे. त्या समझोत्याला न्यायालयाच्या हुकुमाचे बळ मिळत नाही. तो केवळ विश्वासावर टिकायचा असतो, म्हणून तिथे बसणारी माणसे कोण, यावरच सारे अवलंबून आहे.

आपल्या सेक्टरांत, हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींत, मंडळांत आणि देवळांच्या समित्यांत अध्यक्षपदावरून, जागेवरून, मानपानावरून वर्षानुवर्षे अबोले धरलेली माणसे आहेत. वडिलांच्या घरावरून एकमेकांच्या लग्नकार्याला न जाणारी भावंडे आहेत. त्यांच्यात बसण्यासाठी कोणाला बोलवायचे, हे ठरवताना वय, पद आणि वजन नंतर पाहा. आधी विचारा की या भांडणातून त्या माणसाला काय मिळणार आहे. काहीच नाही, असे उत्तर आले तरच त्याला बोलवा. आणि कोणी तुम्हाला बोलावले, तर वेळ हातात घेऊन जा, दोन्ही बाजूंचे शेवटपर्यंत ऐका, ज्याचा मान राहून गेला असेल तो आधी पुरा करा, आणि रिकाम्या हाताने परत या.